नळी आणि लाकूड : नेमबाजीच्या रायफलची दोनशे वर्षे

१/ मे १८१८. सोलापूरच्या भुईकोटापाशी गणपतराव पानसे यांच्या हाताखालचे पेशव्यांचे पायदळ आणि थॉमस मन्रोची कंपनी फौज समोरासमोर आली. लढाईचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. या धाग्याचा विषय मात्र वेगळा आहे : बंदुकीच्या नळीखालचे लाकूड. अचूक नेमाचा अर्धा इतिहास त्यात दडलेला आहे.

२/ दख्खनी तोड्याच्या बंदुकीची लांब नळी लांबच लांब लाकडाला कातडी किंवा पितळी बंदांनी आवळलेली असे. कंपनीच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीत हेच काम आडव्या लोखंडी खिळ्या करीत. दोन्ही नळ्या आतून गुळगुळीत. गोळी मुळातच भरकटणारी. त्यामुळे लाकडाचा दोष कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

३/ नळीत सर्पिल खाचा आल्या, गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली आणि नेमबाजी हा खेळ झाला. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवरील निशाणावर पहिला बार काढला, तो लोखंडी आधारावर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून. आधार स्थिर तर नेम स्थिर, हे त्या प्रसंगी सर्वांसमक्ष दिसले.

४/ १८७१ साली ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. एका वेळी एकच काडतूस. खालची तरफ ओढली की आतला ठोकळा खाली झुके आणि काडतुसाला वाट मिळे. ही यंत्रणा एका धातूच्या पेटीत होती, आणि त्या पेटीने लाकडाचे दोन तुकडे केले : मागे दस्ता, पुढे डाव्या हाताने धरायचा भाग. नेमबाज त्याला फोरएंड म्हणतात.

५/ अडचण या फोरएंडची. तो नळीच्याच आधाराने उभा. बार उडताच नळी थरथरते आणि त्या थरथरीतच गोळी तोंडातून सुटते. देवळातली घंटा बोट टेकवून वाजवली तर नाद बदलतो, नळीचेही तसेच. लाकूड दर बाराला सारखेच टेकले तर गोळ्या एकत्र पडतात. दाब बदलला की निशाण सरकते.

६/ आणि दाब बदलतोच. सोलापुरात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड सुकून आकसते. पावसाळ्यात तेच फुगते. पोलाद मात्र ओल पीत नाही. त्यात नळी तापते, हाताची पकड बदलते, पट्टा ताणला जातो. मे महिन्यात साधलेली रायफल श्रावणात वेगळी वागली, तर दोष नेहमी नेमबाजाचा नसतो.

७/ कारागिरांचा उपाय साधा होता. नळीला काजळी लावायची आणि फोरएंड बसवून काढायचा. लाकडावर काळे उमटेल तिथे स्पर्श आहे. तेवढेच खरवडायचे. मग नळी आणि लाकूड यांमध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहायची. शेवटी स्क्रूचा ताण : थोडा बदलायचा, पाच बार काढायचे, पुन्हा पाहायचे. एका वेळी एकच बदल, अन्यथा कशाने सुधारले ते कळत नाही.

८/ १९५९ च्या सुमारास बीएसए कंपनीने मार्टिनी इंटरनॅशनलच्या तिसऱ्या आवृत्तीत हा गुंताच सोडवला. यंत्रणेच्या पेटीतून पुढे एक धातूची पट्टी काढली आणि फोरएंड तिला जोडला. हाताचा भार पेटीवर गेला; नळी अधांतरी, मोकळी राहिली.

९/ ही विद्या शिकायला शेकडो बार लागतात, आणि बार काढायला बंदूक. १८५७ नंतर हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला. युरोपीयांना सूट होती. अचूकतेची कला अशा रीतीने राज्यकर्त्यांच्या क्लबांत राहिली.

१०/ १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते. लिटनचा १८७८ चा कायदा गेला तो १९५९ च्या नव्या शस्त्र कायद्याने.

११/ पुढचे फळ सर्वांसमोर आहे. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य जिंकले.

१२/ त्या प्रकारातले दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, गोळी ५.६ मिलिमीटरची. रायफलीत आजही नियमाने एकेक काडतूस हातानेच भरावे लागते. लाकडाच्या जागी बहुधा ॲल्युमिनियम आले, नळी मोकळी झाली. तरी स्क्रू किती आवळावा याची परीक्षा कागदी निशाणावरच होते. कातडी बंदांनी आवळलेल्या नळीपासून इथवर येण्यास यंत्राला दीड शतक पुरले. ते यंत्र हाती घेण्याचा हक्क मात्र वेगळा मिळवावा लागला.