पद्मिनीचं मूळ रूप

जुनी मोटार घेतली असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आता हिच्यात काय काय बसवणार?" एसी, गॅस किट, डिस्क ब्रेक, रुंद टायर आणि जमलं तर नवं इंजिन. दुसऱ्या बाजूचे लोक संख्येनं कमी पण आवाजानं मोठे. त्यांच्या मते जुन्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलणं म्हणजे पाप. बोदवडमध्ये मी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी घ्यायची ठरवली, तेव्हा दोन्ही बाजूंचे सल्ले फुकट मिळाले. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा होता. गाडी मूळ रूपात ठेवायची म्हणजे नेमक्या कुठल्या रूपात? या गाडीला मूळ रूप होतं तरी कधी? ते समजल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

पद्मिनीची गोष्ट कुर्ल्याच्या कारखान्याआधी सुरू होते. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद आधी रेल्वेचे ठेकेदार होते. पुढे त्यांनी जहाजं, विमानं आणि मोटारी अशा तिन्ही उद्योगांत हात घातला. मोटार कारखान्याची कल्पना १९३०च्या दशकातली. तिच्या आखणीत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्याही होते. त्या वेळी मुंबईत मोटारी जोडल्या जात होत्याच. जनरल मोटर्सनं शिवडीला १९२८ मध्ये जोडणीचा कारखाना काढला होता. पण खोक्यांतून आलेले सुटे भाग इथे बोल्टनं आवळणं हे काम वेगळं आणि मोटार बनवणं वेगळं. वालचंदांना दुसरं हवं होतं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि क्रायस्लरशी करार होऊन डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे सुरुवात झाली ती जोडणीनंच. इटलीच्या फियाटशी संबंध आला तो १९५०च्या दशकाच्या तोंडावर. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारनं धोरण आखलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मैदानात प्रीमियर, हिंदुस्तान मोटर्स आणि आणखी एकदोघे उरले.

पन्नाशीतल्या गोल नाकाच्या फियाटला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत. नाव हिणवणारं नव्हतं, लाडाचंच होतं. त्यानंतर आली ती ११०० डी. इटलीत ही गाडी १९६२ ला आली आणि चारेक वर्षांत तिथे तिची जागा दुसऱ्या मॉडेलनं घेतली. कुर्ल्यात ती १९६४ मध्ये सुरू झाली, 'फियाट ११०० डिलाइट' या नावानं. १९७२ च्या सुमारास तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून 'प्रीमियर पद्मिनी'. चेहऱ्याची जाळी बदलली, दिवे बदलले, बिल्ले बदलले. पत्रा, १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगियर आणि मागचे पाटे मात्र तेच राहिले. ज्या देशात ही गाडी जन्मली तिथे ती विस्मरणात गेल्यावरही आपल्याकडे ती तीन दशकांहून जास्त काळ 'नवी' म्हणून विकली जात होती.

याचं कारण आळस असं सांगितलं जातं, पण ते पुरेसं नाही. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं. सुटे भाग आयात करायला परकीय चलन नव्हतं. १९६९ मध्ये तर सरकारनं मोटारींच्या विक्रीच्या किमतीच ठरवून दिल्या. प्रीमियर कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७१ मध्ये निकाल लागला. गाडीची वाजवी किंमत कशी काढायची, याची चर्चा न्यायमूर्तींना करावी लागली. गिऱ्हाईक मात्र रांगेतच होतं. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्याला नवं मॉडेल दाखवायची गरज कुठल्या कारखान्याला वाटेल? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ही रांग हळूहळू विरघळली. शतक संपता संपता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

मी घेतलेली गाडी म्हणजे या इतिहासाचा उत्तरार्ध. मारुती रस्त्यावर आल्यावरही कुणीतरी हौसेनं घेतलेली पद्मिनी. मालक इथलेच एक निवृत्त डॉक्टर. खेडोपाडी व्हिजिटला जायचे तेव्हा ही त्यांच्याबरोबर असायची. रंग फिकट निळा, कारखान्यातून आलेला. दोन ठिकाणी हात फिरवलाय, तो डोळ्याला कळतो. खालचा पत्रा मात्र शाबूत. याचं श्रेय डॉक्टरांच्या निगेला जितकं, तितकंच इथल्या हवेला. मुंबईत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून पोखरतो. दरवाजाखालची पट्टी आणि पायाखालचा तळ आधी जातो. खानदेशात उलट होतं. पत्रा टिकतो आणि रबर मरतं. ४५ अंशांच्या उन्हात काचेच्या रबरी पट्ट्या तडकतात, डॅशबोर्ड फाटतो, पाइप कडक होतात. कपाशीच्या काळ्या जमिनीची धूळ उरलंसुरलं बघून घेते. म्हणून इथली 'जपलेली' गाडी तपासायची तर मॅग्नेटनं पत्रा बघण्याइतकंच नखानं रबर दाबून बघणं महत्त्वाचं.

डॉक्टरांची अट एकच होती. "बाई, तिला लग्नाच्या वरातीची गाडी करू नका. बाकी तुम्ही जाणत्या आहात." किंमत त्यांनी कमी केली ती या अटीपोटी, असं मला वाटतं.

भुसावळच्या मिस्त्रींनी गाडी उचलून खालून पाहिली आणि थेट मुद्द्याला हात घातला. "ताई, गाडी चालवायची का पूजायची, तेवढं सांगा. पूजायची असंल तर काहीच करू नका. चालवायची असंल तर इंजिन बदलू." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. घरात दुसरी गाडी नाही. आईला महिन्यातून एकदा जळगावला दाखवायला न्यावं लागतं. पद्मिनीची बैठक उंच आणि सरळ असल्यामुळे तिच्या गुडघ्यांना ती मानवते, आताच्या बुटक्या गाड्यांत तिला बसवणं आणि उठवणं ही कसरत होते. बोदवडहून उत्तरेला राष्ट्रीय महामार्गाला लागलं की ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या मध्ये चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन जायचं. शिवाय गाडीला सीटचे पट्टेच नाहीत, कारण ते बसवण्याची सक्ती उत्पादकांवर आली ती १९९०च्या दशकात. माझ्या साठवणुकीतला मोठा हिस्सा गेला होता. आता आणखी किती आणि कशावर घालायचा, हा निर्णय होता.

इथे कायदा समोर येतो आणि तो दोन दिशांना ओढतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलणं किंवा गॅस किट लावणं यासाठी परवानगी घेऊन नोंद करावी लागते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये रातोरात बसवलेलं दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे विमा आणि पासिंग दोन्ही धोक्यात.

दुसरी तरतूद जुलै २०२१ ची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळू शकतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. पण असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. माझ्या गाडीला पन्नास वर्षं २०३६ मध्ये होतील. तोवर ती साधी जुनी गाडी. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. थोडक्यात, वापरलीस तर दंडासारखी फी आणि न वापरलीस तर मान.

हा पेच फक्त माझ्या निळ्या गाडीचा नाही. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी आमच्या भागातल्या कित्येकांनी पाहिली आहे. अडीच फुटी रुळांवरची, सुमारे ५६ किलोमीटर धावणारी ही नॅरोगेज पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळातली. २०२० मध्ये ती थांबली. आता तिथे ब्रॉडगेज टाकून मार्ग पुढे बोदवडपर्यंत आणण्याचा प्रकल्प आहे. छोटी गाडी वारसा म्हणून ठेवा म्हणणारे होते आणि आम्हाला वेळेवर पोचवणारी गाडी द्या म्हणणारेही होते. दोघांपैकी कुणीही चूक नाही. पण ती गाडी कोळशाच्या इंजिनावर सुरू झाली आणि पुढे डिझेलवर गेली, तेव्हा कुणी म्हटलं नाही की ती आता 'पीजे' राहिली नाही. लोकांसाठी ती तीच होती, कारण रूळ तेच, थांबे तेच आणि बसणारी माणसंही तीच.

मूळ रूपाचा माझा प्रश्न इथे थोडा सुटला. पद्मिनी ही मुळातच फेरबदलाची गाडी आहे. इटालियन आराखडा, मराठी कामगारांचे हात, टंचाईच्या काळातले देशी सुटे भाग. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला डिझेल केलं, न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजी केलं, टपावर कॅरियर लावलं. कंपनीनंही शेवटी डिझेलचं मॉडेल आणि खालचा गियर दिला. त्यामुळे 'कारखान्यातून आली तश्शी' हा एकच खरेपणा मानायचं कारण नाही. पण याचा अर्थ काहीही चालतं असाही नाही. आपल्या किल्ल्यांची डागडुजी आठवून पहा. ढासळलेला दगड चुन्यात पुन्हा बसवणं वेगळं आणि तटावर सिमेंट थापून त्याला रंग देणं वेगळं. पहिल्यात पुढच्या माणसाला मागे जाता येतं. दुसऱ्यात ती वाट कायमची बंद होते.

शिवाय काही बदल आपण न करताही होतातच. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पद्मिनीचा पेट्रोल पंप, त्यातला पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं आणि रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात, गळतात. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. 'मी काहीच बदलणार नाही' हा बाणा इथे पहिल्याच टाकीला गळून पडतो.

म्हणून मी कागदावर तीन रकाने आखले. पहिला, जिवासाठी आवश्यक: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा, चारही चाकांच्या ब्रेकचे नवे रबर आणि लायनर, पुढच्या सीटना पट्टे, दिव्यांना रिले, चांगले टायर. हे सगळं केलं. पट्ट्यांसाठी मिस्त्रींनी तळाला जाड पट्टी देऊन बोल्ट घेतले, नुसत्या पत्र्यात नाही. दुसरा रकाना, सोयीचे पण उलट फिरवता येतील असे: डॅशबोर्डाखाली छोटा पंखा आणि मोबाईल चार्ज करायचं सॉकेट, दोन्ही मूळ वायरिंग न कापता. तिसरा, परत न फिरणारे: इंजिन, खालचा गियर, एसीसाठी पत्रा कापणं, पूर्ण नवा रंग. हा रकाना मी सोडून दिला. एसी नाही म्हणून आईचा जळगावचा फेरा उन्हाळ्यात सकाळी सहाला निघतो. पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडू नये म्हणून ओलं फडकं जवळ असतं, ही डॉक्टरांचीच शिकवण.

मिस्त्रींना तिसरा रकाना पटला नाही. "इंजिनाचा दम संपला की मंग?" मी म्हटलं, तेच इंजिन उतरवून बोअर करू. ते हसले आणि म्हणाले, "बोअर करणारे शोधा आधी." हे मात्र खरं आहे. गाडीचं मूळ रूप सुट्या भागांत जितकं असतं तितकंच ते भाग दुरुस्त करणाऱ्या हातांत असतं आणि ते हात कमी होत चाललेत. म्हणून आता त्यांच्या गॅरेजात जाते तेव्हा वही घेऊन जाते. कार्बोरेटर कसा खोलला, टॅपेट किती ठेवले, कुठला भाग कुठल्या दुकानात मिळाला, सगळं तारखेसह लिहिते. काढलेले जुने भाग चिठ्ठ्या लावून एका पत्र्याच्या पेटीत आहेत. २०३६ साली ही गाडी जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे असेल, त्यांना 'व्हीए' नंबर घ्यायचा की आणखी कुणाच्या आईला जळगावला न्यायचं, हे ठरवता यावं. वही आणि पेटी गाडीबरोबरच जाईल.