अक्काची बुधवारची वही



गेल्या महिन्यात भाचा सोलापूरहून आला तो एक पुडकं घेऊन. आईच्या कपाटात सापडलं म्हणाला. माझी अक्का जाऊन आता दोन वर्षं होतील. पुडक्यात शंभर पानी दोन वह्या आणि काठाला टवका उडालेली लाखेची एक तबकडी. वह्या उघडल्या आणि मी तसाच खाली बसलो. या वह्यांच्या आधी आणखी एक वही होती. ती कुठं गेली हे मला माहीत आहे, कारण ती माझ्यामुळं गेली.

तरुण मंडळींसाठी आधी थोडं मागचं सांगतो. आज कुठलं गाणं किती जणांनी ऐकलं ते फोनवरच दिसतं. आमच्या वेळी कुठल्या तबकडीचा किती खप झाला हे ग्रामोफोन कंपनीलाच ठाऊक. आपल्यापर्यंत येई ती फक्त बिनाका गीतमाला. बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोन, अमीन सयानी. पहिला कार्यक्रम झाला ३ डिसेंबर १९५२ ला. गंमत बघा, त्याच्या एकोणीसच दिवस आधी, १४ नोव्हेंबरला, लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकानं इंग्लंडमधली खपाची पहिली यादी छापली होती. त्यांच्या पर्सी डिकिन्स नावाच्या माणसानं वीसेक दुकानांना फोन केले, कुठली रेकॉर्ड किती गेली विचारलं, बेरीज केली, झालं. देशाचा पहिला नंबर वीस दुकानांवर!

आपल्याकडे सुरुवात याहून साधी. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी पत्रानं क्रम लावायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली, असं सयानी सांगत. एवढी पत्रं वाचणार कोण? मग १९५४ पासून गाण्यांना पायऱ्या आल्या, ‘पायदान’. क्रम लावायचा तो मोठ्या दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीवरून. पण एक अडचण निघाली. गाणं फार चाललं की दुकानातला माल संपायचा, आणि माल संपला की त्या आठवड्याची विक्री शून्य! आम्ही ब्रँचमधून दर शुक्रवारी स्टेटमेंट पाठवायचो, त्यामुळं हा घोटाळा मला लगेच कळतो. आकडा खोटा नसतो हो, पण चित्र खोटं उभं राहतं. म्हणून नंतर गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरू लागले.

आणि हे सगळं सिलोनहून का? तर दिल्लीत नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच पुण्याचे. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. एका मराठी माणसाच्या सोवळेपणामुळं अख्खा देश कोलंबोकडे कान लावून बसला. पुढं १९५७ ला विविध भारती आली, तोवर लोकांना बुधवारची सवय लागून गेली होती.

आमच्या घरी दुसरे केसकर होते, ते म्हणजे अप्पा. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात क्लार्क. घरात चावीचा ग्रामोफोन, बालगंधर्वांच्या तबकड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, आम्हाला हात लावायची मुभा नाही. रेडिओ होता, पण त्याचा काटा कायम धारवाड केंद्रावर. मन्सूरअण्णांचं गाणं असलं की पानं वाढलेली तशीच राहायची. सिनेमाचं गाणं म्हणजे हॉटेलातलं गाणं, हा त्यांचा ठराव. आता, गंगूबाई हनगलांनीही तरुणपणी गांधारी हनगल या नावानं जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतांच्या तबकड्या दिल्या होत्या, आणि त्या घरोघरी गेल्या होत्या. पण हे अप्पांना कोण सांगणार? मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बुधवारी ती विणकाम घेऊन शेजारच्या कानडी काकूंकडे जायची. ‘टाके शिकत्ये’ म्हणायची. तिथं गीतमाला ऐकून क्रम लिहून आणायची. १९६५ च्या जानेवारीपासून तिनं वही घातली होती. पायदान, सिनेमा, गायक, मागच्या आठवड्यातला नंबर, सगळे रकाने पट्टीनं आखलेले. पुढं मी बी.कॉम. केलं, पण खतावणी मी पहिल्यांदा बघितली ती अक्काची. सरताज गीत म्हणून बिगूल वाजवून एखादं गाणं बाहेर काढलं की ती तांबड्या शाईनं रेघ मारायची. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून प्लास्टिकचे इवलेसे प्राणी निघत, ते तिनं शेजारून मागून आणून वहीशेजारी ठेवले होते.

१९६६ च्या उन्हाळ्यात आमचं त्या प्राण्यांवरून भांडण झालं. मला हत्ती हवा होता, ती देईना. मी तेरा वर्षांचा. रागाच्या भरात अप्पांना वही कुठं ठेवलीय ते दाखवलं. अप्पा ओरडले नाहीत. वही चाळली, म्हणाले, “अक्षर छान आहे,” आणि न्हाणीतल्या बंबात घातली. त्या पाण्यानं त्या दिवशी मीच आंघोळ केली. अक्का माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मग बोलू लागली, पण या विषयावर आयुष्यात परत एक शब्द नाही.

मला वाटत होतं तिनं लिहिणं सोडलं. तर या दोन वह्या जुलै १९६६ पासून १९७० च्या एप्रिलपर्यंतच्या, तिच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंतच्या!

वर्षअखेरीचे पहिले नंबर तसे सगळ्यांना माहीत आहेत. १९६१ ‘ससुराल’, ६२ ‘जंगली’, ६३ ‘ताजमहल’, ६४ ‘संगम’, ६५ ‘सहेली’, ६६ ‘सूरज’, ६७ ‘मिलन’, ६८ ‘शागिर्द’, ६९ ‘इंतकाम’, ७० ‘दो रास्ते’. ही माझ्या पिढीची खपाची दहा वर्षं. ‘गाइड’ यात नाही, हे वाचून आजची मंडळी चक्रावतात. ‘सहेली’ आज कुणाला आठवतो? पण त्या वर्षी मुकेशच्या आवाजातलं ते गाणं देशात पहिलं होतं.

अक्काच्या नव्या वह्यांत मात्र एक जास्तीचा रकाना आहे. त्यावर लिहिलंय ‘गल्ली’. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत, दुर्गदबैलच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात काय वाजत होतं ते तिनं त्यात टिपलंय. आणि तो रकाना सिलोनशी क्वचितच जुळतो. तिथं राजकुमारच्या कानडी ‘संत तुकाराम’मधली गाणी आहेत. सिनेमा १९६३ चा, तरी एकादशी आली की वहीत तो हजर. ‘मत्स्यगंधा’तली अभिषेकीबुवांची पदं आहेत. गीतरामायण तर रामनवमीला ठरलेलंच. यांतलं एकही गीतमालेत येणं शक्य नव्हतं, कारण तिथं फक्त हिंदी सिनेमा. म्हणजे आम्ही हुबळीकर मराठी माणसं जे खरोखर ऐकत होतो ते देशाच्या हिशेबात कुठंच जमा नव्हतं. आणि ज्यांच्याकडे रेकॉर्ड घ्यायला पैसे नाहीत, जे हॉटेलात चहा संपला तरी एका गाण्यासाठी बसून राहत, ते कुठल्या दुकानाच्या वहीत येणार? हॉटेलवाल्यानं घेतली एकच तबकडी, ऐकली हजारांनी.

बँकेत मी एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे विचारायचं सुचलं, याचं मला आज कौतुक वाटतं आणि लाजही वाटते.

तबकडीचं राहिलंच. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात जुन्या बाजारातून ‘सूरज’ची ती तबकडी घेतली आणि तिला सोलापूरला नेऊन दिली. तोवर ७८ च्या तबकड्या मागं पडत चालल्या होत्या. तिच्या घरी वाजवायला काही नव्हतं. “राहू दे,” म्हणाली. कशाबद्दल दिली ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. टवका कधी उडाला कोण जाणे.

आता काम एवढंच. जानेवारी १९६५ ते जून १९६६ ही दीड वर्षं मला परत भरायची आहेत. वर्षअखेरीच्या याद्या आहेत, मला आठवड्याचे क्रम हवेत. तेव्हा अशा वह्या घालणाऱ्या मुली घरोघर होत्या. तुमच्याकडे आईची, आत्याची, मावशीची अशी वही माळ्यावर असेल तर टाकून देऊ नका. त्या दीड वर्षाच्या पानांचे फोटो काढून इथंच लावा. अक्षर लागत नसलं तरी चालेल, मी लावून घेईन.