कोयता आणि बांध

दिवाळी सरली की सुरत जिल्ह्यात बारडोली, मढी, चलथाण येथील साखर कारखान्यांच्या परिसरात माणसांनी भरलेली वाहने येऊ लागतात. उसाच्या फडांकडेला झोपड्या उभ्या राहतात, आणि त्यांतून पुष्कळदा खानदेशची बोली ऐकू येते. ऊसतोड करणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला हिशेबात एकच नाव असते : 'कोयता'. माणसाची गणती त्याच्या हत्याराने व्हावी, ह्यामागे जमिनीचा मोठा इतिहास आहे.

1928 साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारावाढीविरुद्ध सत्याग्रह केला. सरकारने लादलेली 22 टक्क्यांची वाढ चौकशीअंती सुमारे 6 टक्क्यांवर आली. तो विजय खातेदारांचा होता. त्यांच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीन हळपतींच्या नावे सारा भरण्यापुरतीही जमीन नव्हती. पुढे काकरापारचा बंधारा झाला, 1955 मध्ये बारडोलीचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि 1972 मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. तापीच्या पाण्याने कपाशीच्या जमिनीत ऊस उभा राहिला. काम वाढले, तथापि तोडणीसाठी कारखान्यांनी स्थानिक मजुरांऐवजी मुकादमांमार्फत दूरची माणसे आणली. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन ह्यांनी 1962 पासून दक्षिण गुजरातेत हिंडून ही हकीकत तपशिलाने नोंदविली आहे.

परंतु खानदेशचा शेतकरी गाव सोडून का निघाला? त्याची जमीन डोंगरउतारावरची. वर जंगल उरले नाही, तेव्हा पावसाबरोबर माती वाहून गेली. खरीप हाती आला की पुढे काम नाही. पावसाळ्यातील उपासमारीत घेतलेली मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता उचलावाच लागे. खाली पाण्याने समृद्ध झालेल्या जमिनीस वरच्या उजाड जमिनीने मजूर पुरविले, असेच म्हणावे लागेल.

ह्यावर उपाय महाराष्ट्रातच शोधला गेला. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात विस्तारली; तिचा कायदा 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव ह्यांवर हजारो हातांना काम मिळाले. मात्र येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जमीन सुधारण्याच्या कामातून दोन मिळकती निर्माण होतात. पहिली बांध घालणाऱ्याची मजुरी. ती बांध पुरा होताच थांबते. दुसरी वाढलेल्या पिकाची. ती वर्षानुवर्षे येते, पण विहीर ज्याची त्याच्याच घरी जाते.

ही दुसरी मिळकत सर्वांची कशी व्हावी, ह्याचे एक उत्तर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दिले. चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे 400 हेक्टर जंगल राखले, चराईला व तोडीला स्वतःच नियम घातले. पाणी मुरले, विहिरी टिकल्या, आणि रानभाज्या व वनोपज ह्यांचा लाभ सामाईक राहिला. कामासाठी बाहेर जाणे घटले. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा जमीन सुधारल्याची मोजणी केवळ हेक्टरांत करू नये. दिवाळीनंतर गावातील किती चुली पेटत्या राहतात, हेच तिचे खरे माप होय.