भंडाऱ्यावरचे सोयरे

झाडावेलींना आणि रानातल्या जिवांना आपले सोयरे म्हणणारा तुकोबारायांचा अभंग तुम्ही किती वेळा ऐकला असेल! चाल गोड, टाळ रंगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते, महाराज मौजेने डोंगरावर गेले होते. हा अभंग म्हणताना त्याच्या शेजारी एक साल ठेवा : इ.स. १६३०.

त्या सुमारास पावसाने पाठ फिरवली. दख्खन आणि गुजरात होरपळले. भाकरीसाठी जीव विकायला निघालेल्या माणसांचे वर्णन शाहजहानच्या दरबारी इतिहासात, पातशाहनाम्यात आहे. देहूचे मोऱ्यांचे घर खातेपिते, महाजनकीचे. आईवडील आधीच गेलेले, भावजय गेलेली, थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थांना निघून गेलेले. त्यात हा दुष्काळ. व्यापार बुडाला, पत गेली. पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ लेक संतू.

आता 'सोयरा' हा शब्द पाहा. सोयरा म्हणजे सुतकात दारी येऊन बसणारा माणूस. दिवाळे निघालेल्याच्या दारी कोण येतो? आणि आलाच, तर बोलतो फार. तुमच्याही घरातले कोणी गेले असेल तर ठाऊक असेल, चौथ्या दिवसापासून माणसांचे शब्द टोचू लागतात. महाराज भामचंद्रावर गेले, भंडाऱ्यावर बसले. तिथल्या पाखराने कधी विचारले नाही, 'कसे हो झाले?'

पण ही सोयरीकही फुकट जुळली नाही. परंपरेत कथा सांगतात की दाणे टिपणारी पाखरे महाराजांना पाहून उडाली, तेव्हा त्यांना फार लागले. आपल्यात अजून भय घेण्यासारखे काही उरले आहे, असे त्यांना वाटले. ते निश्चल उभे राहिले, पाखरे परतून अंगाखांद्यावर बसेपर्यंत. मला ही कथा चमत्कारापेक्षा शोकाची वाटते. आतली तडफड निवल्याशिवाय पाखरू जवळ येत नाही.

महिपतीबुवांनी भक्तलीलामृतात आणखी एक प्रसंग दिला आहे. एका शेतकऱ्याने महाराजांना पीक राखायला माचावर बसवले. थवे आले, कणसांवर उतरले, पोटभर खाऊन गेले. महाराजांनी गोफण उचलली नाही. शेतकरी संतापला, पंचांकडे गेला. कीर्तनात या जागी लोक हसतात. हसावे, प्रसंग तसाच आहे. पण माचावर बसलेल्या त्या माणसाची बायको दाण्यावाचून गेली होती. भुकेल्या चोचीवर तो दगड कसा मारणार?