धमकीपत्रांचे विश्लेषण

लेखी धमकी प्रत्यक्षात येण्याचा संभव कितपत आहे, याचा मजकूर व लेखकाचे ज्ञात वर्तन यांवरून अदमास घेण्याची पद्धती. निनावी पत्राचा कर्ता हुडकणे हे न्यायसहायक भाषाविज्ञानाचे निराळे कार्य होय. अमेरिकी बाँबहल्लेखोर थिओडोर काझिन्स्की याचा सुमारे ३५,००० शब्दांचा निनावी प्रबंध १९९५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापल्यावर त्याच्या सख्ख्या भावाला लेखनशैलीची ओळख पटली आणि १९९६ मध्ये मोंटॅना राज्यात काझिन्स्कीला अटक झाली, हे त्या कार्याचे विख्यात उदाहरण.

शब्द जितके जहाल तितका धोका मोठा, हा समज स्वाभाविक असला तरी तो पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही. पार्क डीट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययनांत, चित्रपटतारकांना पत्रे लिहिणाऱ्यांच्या बाबतीत धमकी देणे व त्यांना समक्ष गाठू पाहणे यांत संबंध दिसला नाही. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना धमकावणारे तर त्यांच्याजवळ जाण्याचा यत्न उलट कमीच करीत. रॉबर्ट फाइन व ब्रायन व्होसेकुइल यांनी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिससाठी १९४९ पासूनच्या ८३ इसमांची प्रकरणे तपासली (१९९९), तेव्हा प्रमुख व्यक्तींवर हल्ला करणाऱ्या वा शस्त्रानिशी त्यांच्याजवळ पोहोचलेल्यांपैकी ज्याच्यावर रोख होता त्याला किंवा पोलिसांना थेट धमकी कळविणारे एकदशांशाहूनही कमी निघाले.

म्हणून जाणता विश्लेषक शिवीगाळीपाशी अडखळत नाही. पत्रे मूळ स्वरूपात, लिफाफ्यांसह आणि कालक्रमाने समोर ठेवून, एकाच व्यक्तीचा वा तक्रारीचा ध्यास वाढत आहे काय, स्थळ, वेळ व साधन यांचा तपशील दाटत आहे काय, त्या व्यक्तीची दिनचर्या लेखकास अवगत आहे काय, आणि ‘आता अन्य उपाय उरला नाही’ अशी निर्वाणीची भाषा किंवा निरवानिरवीचा सूर उमटू लागला आहे काय, हे तो बारकाईने पाहतो. यांतील निर्वाणीची भाषा मला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण ती बहुधा शांत असते आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. रीड मेलॉय प्रभृतींनी २०१२ मध्ये मांडलेल्या आठ पूर्वसूचक वर्तनांत, बेत तिऱ्हाइताजवळ उघड करणे हेही एक गणले आहे. यास्तव पत्र ज्याला आले त्याच्याखेरीज लेखकाच्या परिचितांकडेही चौकशी करावी लागते.

भारतात फौजदारीपात्र धाकदपटशाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येत असून निनावी धमकीस दोन वर्षांपर्यंतची वाढीव कैद सांगितली आहे. भीती उत्पन्न करण्याच्या उद्देशाने धमकी दिली की हा गुन्हा घडतो, ती तडीस नेण्याचा इरादा सिद्ध व्हावा लागत नाही. त्यामुळे धोका अल्प असल्याचा अभिप्राय फिर्याद निकाली काढण्यास आधार होऊ शकत नाही.