विश्लेषण : व्यसनमुक्तीचे औषध बदलताना ‘मधले तास’ इतके महत्त्वाचे का?

गर्द (ब्राउन शुगर), अफू किंवा कोडीन, ट्रॅमाडॉलसारखी औषधे या सगळ्यांना मिळून ‘ओपिऑइड’ म्हणतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे 2.26 कोटी लोक ओपिऑइडचे सेवन करतात. हे व्यसन नुसत्या निर्धाराने सुटणे अवघड असते, म्हणून औषधे दिली जातात. मात्र यातील एका औषधावरून दुसऱ्यावर जाण्याची वेळ आली की बरेच रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय गोंधळतात. जुनी गोळी बंद केली आणि नवी सुरू केली, इतके हे सोपे नाही. तसे का, ते समजून घेऊ.

ही औषधे नेमके काय करतात?

मेंदूतील काही ठरावीक जागांवर बसून ओपिऑइड आपला परिणाम करतात. या जागा म्हणजे खुर्च्या आहेत असे समजू.

मेथाडोन या खुर्चीवर बसते आणि पूर्ण परिणाम करते. पण त्याचा असर सावकाश चढतो आणि बराच काळ टिकतो. त्यामुळे दिवसातून एकदा औषध घेतले की गर्दची तलफ आणि ‘टर्की’ म्हणजे विथड्रॉलचा त्रास आटोक्यात राहतो.

ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवून विरघळवायचे औषध आहे. ते खुर्चीला घट्ट चिकटते, पण परिणाम अर्धाच करते. ठरावीक मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून ते तुलनेने सुरक्षित मानले जाते.

नाल्ट्रेक्सोन खुर्ची अडवून बसते, पण स्वतः काहीच परिणाम करत नाही. वर गर्द घेतली तरी नशा चढत नाही.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

औषध बदलण्याची वेळ का येते?

कारणे अनेक असतात. मेथाडोनमुळे काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यामुळे ईसीजीवर लक्ष ठेवावे लागते. टीबीवरील रिफाम्पिसिन सुरू झाले की शरीरातील मेथाडोन लवकर संपते आणि रुग्णाला पुन्हा टर्की लागते. ब्युप्रेनॉर्फिन घेऊनही काहींची तलफ जात नाही. कुणी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो आणि तिथे तेच औषध मिळत नाही. कुणाला ओपिऑइड प्रकारातले औषधच नको असते. औषध बदलणे म्हणजे उपचार फसले असे नव्हे.

मेथाडोनवरून ब्युप्रेनॉर्फिनवर जाताना थांबावे का लागते?

खुर्चीवर मेथाडोन बसलेले असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतले, तर ते मेथाडोनला उठवून स्वतः बसते. पूर्ण परिणामाच्या जागी एकदम अर्धा परिणाम येतो. शरीराला हा धक्का सोसत नाही आणि तासा-दीड तासाच्या आत उलट्या, जुलाब, घाम, अंगदुखी, अस्वस्थता असा तीव्र त्रास सुरू होतो. एरवी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढणारी टर्की इथे अचानक येते.

काही गोळ्यांमध्ये ब्युप्रेनॉर्फिनसोबत नालोक्सोनही असते. त्रास त्यामुळेच होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात जिभेखाली घेतल्यावर नालोक्सोन शरीरात फारसे शोषलेच जात नाही. गोळी विरघळवून तिचे इंजेक्शन घेतले जाऊ नये म्हणून ते घातलेले असते. नालोक्सोन नसलेल्या साध्या ब्युप्रेनॉर्फिननेही हा धक्का बसू शकतो.

म्हणून डॉक्टर आधी मेथाडोनचा डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात, साधारणपणे रोज 30 ते 40 मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली. मग शेवटच्या डोसनंतर किमान 24 तास आणि बहुतेकदा 36 ते 72 तास थांबतात. गर्दसारख्या कमी काळ टिकणाऱ्या ओपिऑइडसाठी हीच वाट साधारण 12 तासांची असते.

मात्र केवळ घड्याळ पाहून चालत नाही. नाडी, घाम, बाहुल्यांचा आकार, जांभया, नाक गळणे, अंगावर काटा येणे अशी एकूण 11 लक्षणे तपासून गुण दिले जातात. टर्की पुरेशी सुरू झाल्याची खात्री पटली की 2 ते 4 मिलिग्रॅमचा पहिला डोस दिला जातो. थोडक्यात, रुग्णाला बरे वाटत असेल तर ती वेळ योग्य नसते.

हा मधला त्रास टाळण्याची एक पद्धत स्वित्झर्लंडमधील बर्न शहरातल्या डॉक्टरांनी 2016 मध्ये मांडली. जुने ओपिऑइड चालू ठेवूनच ब्युप्रेनॉर्फिन अगदी कणाकणाने सुरू करायचे आणि काही दिवसांत वाढवत न्यायचे. ही पद्धतही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायची असते. घरी गोळीचे तुकडे करून हा प्रयोग करू नये.

गर्भवती महिलेचे मेथाडोन व्यवस्थित चालू असेल, तर सहसा औषध बदलले जात नाही.

ब्युप्रेनॉर्फिनवरून मेथाडोनवर जाणे सोपे आहे का?

या दिशेने जाताना टर्कीचा झटका येत नाही, त्यामुळे फार थांबावे लागत नाही. धोका वेगळा आहे. मेथाडोन शरीरात साचत जाते. आजचा डोस पूर्ण उतरण्याआधी उद्याचा पडतो आणि पूर्ण परिणाम कळायला चार-पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पहिल्या दिवशी ‘काहीच वाटत नाही’ म्हणून स्वतःहून जास्त घेतले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोपेत श्वास थांबू शकतो. म्हणून सुरुवात कमी डोसने होते आणि तो सावकाश वाढवला जातो. या काळात दारू आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या विशेष घातक ठरतात.

नाल्ट्रेक्सोनबाबत सर्वाधिक चूक कुठे होते?

दिवस मोजण्यात. गर्द बंद केल्यावर 7 ते 10 दिवस आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत शरीर ओपिऑइडमुक्त असावे लागते. त्याआधी नाल्ट्रेक्सोन घेतले तर होणारा त्रास एक-दोन दिवस टिकू शकतो आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते. ट्रॅमाडॉलची गोळी आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध हीसुद्धा ओपिऑइडच आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मधल्या काळात दातदुखीसाठी घेतलेली एक ट्रॅमाडॉलची गोळीही डॉक्टरांना सांगायला हवी.

सर्वांत मोठा धोका कोणता?

मधल्या काळात पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा. थांबायचे दिवस त्रासाचे असतात आणि तेव्हाच तलफ तीव्र असते. दुसरीकडे शरीराची नशा सोसण्याची सवय कमी झालेली असते. पूर्वी सहज पचणारी मात्रा आता जीवघेणी ठरू शकते. नाल्ट्रेक्सोन सोडल्यावरही हाच धोका असतो. म्हणून नवे औषध कधी, कुठे आणि कोण देणार हे नक्की झाल्याशिवाय जुने बंद करू नये.

घरच्यांनी काय करावे?

शेवटचा डोस कोणता, किती आणि किती वाजता घेतला हे कागदावर लिहून ठेवा. टीबी, एचआयव्ही, झोप यांसह सुरू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना द्या. दुसऱ्या रुग्णाची गोळी देऊ नका आणि औषधे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

त्या दिवसांत रुग्णाला एकटे सोडू नका. श्वास मंद झाला, घशातून घरघर येऊ लागली, ओठ निळसर पडले किंवा हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. कुशीवर वळवा आणि लगेच 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

मधल्या दिवसांत पुन्हा गर्द घेतली गेली, तर रागावण्याआधी ते डॉक्टरांना कळवा, कारण पुढच्या डोसची वेळ त्यावरच ठरते. ओरडा बसेल या भीतीने रुग्णाने ती गोष्ट लपवली, तर सगळे गणित चुकते. मार्गदर्शनासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन नि:शुल्क आहे.