तळटीप : अराकिसचा सूर्य
१४. अराकिस : फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) कादंबरीतला वाळवंटी ग्रह; ‘ड्यून टू’ (१९९२) या संगणकीय खेळातल्या लढाया याच वाळूवर होतात. वस्ती मुख्यतः उत्तर ध्रुवाच्या बाजूला, खडकांच्या आडोशाने, कारण मोकळ्या वाळूत महाकाय कृमी. चंद्र दोन, एकावरच्या डागांत उंदीर दिसतो, आपल्याला ससा दिसतो तसा. सूर्य मात्र खराखुरा : कॅनोपस, म्हणजे आपला अगस्त्य, हिवाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा. तो आपल्या सूर्याच्या सुमारे १०,००० पट तेजस्वी. तेव्हा सोसेल इतकेच ऊन हवे, तर ग्रह पृथ्वीपेक्षा सुमारे १०० पट दूर असायला हवा, आणि मग तिथले एक वर्ष आपल्या ३०० वर्षांहून मोठे! हर्बर्ट यांनी हे गणित फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. — संपादक